मॉरिशसच्या लगूनमध्ये पहिल्यांदा उतरताना: घरच्या मंडळींसाठी

माझी मावशी चिपळूणची. समुद्राबद्दल तिचं एकच वाक्य ठरलेलं, "गुडघ्याच्या पुढे जायचं नाही." मॉरिशसला आमच्याकडे आली तेव्हा पेरेबेरच्या किनाऱ्यावर पहिल्या दिवशी चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यात उभी राहिली आणि दर दोन मिनिटांनी नातवाला मागे बोलवत राहिली. तिसऱ्या दिवशी तीच मावशी गळ्यापर्यंत पाण्यात बसून, "अगं, हे तर तळंच आहे!" म्हणत होती, आणि नातू कुठे आहे याचा तिला पत्ता नव्हता. तो सापडला, जवळच होता. पण मला पहिल्या दिवसापेक्षा त्या तिसऱ्या दिवसाची मावशी जास्त धोक्याची वाटली.

मी सहा वर्षं कात्र-बोर्नला राहते. दर मे आणि दिवाळीच्या सुट्टीत कुणी ना कुणी पाहुणे येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, पोहता न येणाऱ्यांना आणि लहान मुलांना घेऊन कुठे जायचं? तेच सगळं एकदा लिहून ठेवते आहे.

आधी पाणी शांत का आहे ते बघा

शाळेच्या भूगोलात लगूनला 'खाजण' म्हणायचे. कोकणातलं खाजण म्हणजे चिखल आणि तिवरं, त्यामुळे तो शब्द इथे वापरला की डोळ्यांपुढे भलतंच उभं राहतं. इथलं लगून म्हणजे किनारा आणि प्रवाळाची भिंत यांच्यामधलं उथळ पाणी. मॉरिशस ज्वालामुखीतून झालेलं बेट आहे आणि त्याच्याभोवती साधारण १५० किलोमीटर लांबीची प्रवाळभिंत आहे. हिंदी महासागराच्या लाटा त्या भिंतीवर आपटून फुटतात आणि आतलं पाणी सपाट राहतं.

किनाऱ्यावर पोचल्यावर पिशव्या ठेवायच्या आधी क्षितिजाच्या अलीकडे बघा. पांढऱ्या फेसाची एक रेघ दिसेल, कान दिला तर तिचा घुमल्यासारखा आवाजही येईल. इथले लोक तिला 'ब्रिझां' म्हणतात. रेघ सलग असेल तर तुमच्या समोरचं पाणी राखलेलं आहे. रेघ मध्येच तुटली असेल आणि त्या फटीत पाणी गडद निळं दिसत असेल, तर ती 'लापास', म्हणजे भिंतीतलं दार. लाटांबरोबर भिंतीवरून जेवढं पाणी आत येतं ते याच दारातून परत बाहेर जातं, आणि ओहोटीला तर चांगल्याच जोराने. वरून पाणी गुळगुळीत दिसतं, ओढ खालून असते. दाराच्या समोर मुलांना घेऊन उतरायचं नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

दारं कुठे असतात याचंही गणित आहे. नदी समुद्राला मिळते तिथे गोडं पाणी आणि गाळ येतो, प्रवाळाला दोन्ही सोसत नाहीत, म्हणून तिथे भिंत वाढत नाही. पश्चिमेला तामारँच्या उपसागरात असंच आहे. तिथे लाटा थेट आत येतात, म्हणून लाटांवर फळ्या घेऊन जाणारे तिथे जमतात. बघायला छान, पाच वर्षांच्या पोराला पोहायला नाही.

भरती-ओहोटीची मात्र सवय बदलावी लागते. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यावर चालत जाणारी माणसं आपण. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढउतार करतं, इथे फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा. त्यामुळे पाणी कोसभर मागे जात नाही. पण लगून मुळात उथळ, तिथे तेवढ्या फरकानेही प्रवाळाचे खडक पोटाला घासायला लागतात. लहान मुलं असतील तर पूर्ण ओहोटीची वेळ टाळा.

मग वाऱ्याची दिशा

पाहुण्यांना मी हॉटेलच्या चकचकीत फोटोंपेक्षा वारा बघायला सांगते. इथे बहुतेक वर्षभर आग्नेयेकडून वारा वाहतो आणि मे ते ऑक्टोबर या इथल्या हिवाळ्यात तो चांगलाच जोर धरतो. तेव्हा पूर्व किनारा, म्हणजे बेल मारची बाजू, वाऱ्याच्या तोंडावर असतो. पाणी खवळत नाही, पण सतत तोंडावर उडतं, वाळू टोचते आणि ओली मुलं दहा मिनिटांत कुडकुडतात. त्याच दिवशी पश्चिमेला किंवा वायव्येला गेलात तर डोंगर आणि पठाराच्या आडोशाला पाणी आरशासारखं असतं.

या आरशात एक मेख आहे आणि ती मी स्वतः चुकून शिकले. पश्चिम किनाऱ्यावर हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. फ्लिक-आँ-फ्लाकला एका जुलैमध्ये भाच्याला फुगवायची बदकाची ट्यूब दिली होती. पाणी कमरेएवढं, लाट एकही नाही. मी पाठ फिरवून डब्याचं झाकण उघडलं, तेवढ्यात बदक आणि भाचा वीस-पंचवीस हात पुढे गेले होते. लाट नसल्यामुळे काही चुकतंय असं वाटलंच नाही, वारा बदकाला शिडासारखा ढकलत होता. नवरा पोहत गेला आणि पोराला हाताला धरून घेऊन आला. बदक मात्र ब्रिझांच्या दिशेने निघून गेलं, आणि अर्ध्या तासाने एका कोळ्याने ते आपल्या होडीतून आणून दिलं. तो हसत होता, मी नव्हते. तेव्हापासून आमच्याकडे हवा भरलेलं काहीही पाण्यात जात नाही. अंगाला घट्ट बसणारं, बक्कल लावायचं जॅकेट चालेल.

मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्यांनी उत्तर आणि पश्चिम धरावी. दिवाळीच्या सुट्टीत वारा उतरलेला असतो, पाणी तापायला लागलेलं असतं आणि पाऊस अजून लांब असतो. माझ्या मते तेच सर्वांत चांगले दिवस. ऑगस्टमध्ये पाणी २२-२३ अंशांवर येतं, पुण्याच्या माणसाला ते गार लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते २७-२८ अंशांपर्यंत जातं, पण ते चक्रीवादळांचे महिने. वादळाच्या इशाऱ्याचे एक ते चार असे वर्ग आहेत. पहिलाच वर्ग लागू झाला की समुद्राचा बेत रद्द करायचा, चौथ्याची वाट बघायची नाही. हिवाळ्यात स्वच्छ ऊन पडलेलं असतानाही कधी कधी दक्षिणेकडून लांबवरच्या मोठ्या लाटा येतात आणि भिंत ओलांडून आत शिरतात. वाकोआच्या हवामान खात्याचं पत्रक सकाळी बघून निघा.

आणखी एक. पठारावर, क्युरपीपला किंवा आमच्या इथे, पाऊस भुरभुरत असला म्हणून बेत मोडू नका. खाली उतरलात की अर्ध्या तासात डोळे दिपवणारं ऊन असतं. आमच्या घरातून पाहुणे स्वेटर घालून निघतात आणि किनाऱ्यावर पोचेपर्यंत माझ्यावर चिडलेले असतात.

आता किनारा निवडा

अगदी पहिल्या दिवसासाठी, पोहता न येणाऱ्यांसाठी आणि आजी-आजोबांसाठी: ग्राँ-बेची ला क्युव्हेत. छोटंसं वाटीसारखं वळण आहे, पाच मिनिटांत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून होतं, आणि म्हणूनच मुलं नजरेत राहतात. तिथून थोडं पुढे पेरेबेर. तेही आडोशाचं, पण पाणी लवकर खोल होतं, तेव्हा पोरांना आधी काठाकाठाने चालवून तळ कुठे सुटतो ते दाखवा. खायचे गाडे जवळ, रविवारी गर्दी भरपूर.

त्रू-ओ-बिश हे माझं स्वतःचं आवडतं. वाळू मऊ, पाणी उथळ आणि इतकं निवळ की स्वतःच्या पायाची नखं दिसतात. सार्वजनिक पट्टा अरुंद आहे, सकाळी नऊच्या आत पोचा. शेजारचा मों-श्वाझी लांब, बाकदार, मागे सुरूची दाट झाडी. हो, आपल्या दापोली-गुहागरकडचा तोच सुरू, इथे त्याला 'फिलाओ' म्हणतात. त्या झाडांच्या सुया पायाखाली आल्या की मला क्षणभर कर्दे-मुरुडला आल्यासारखं वाटतं. मों-श्वाझीच्या मैदानातून १९३३ साली मॉरिशसहून रेयुनियनला पहिलं विमान उडालं होतं, आता तिथे पोरं फुटबॉल खेळतात. मों-श्वाझीला बोटींची वर्दळ असते. पोहण्याची हद्द तरंगत्या बोयांनी आखलेली असते, तिच्या आतच राहायचं. लगूनमध्ये माणसाला लाटेपेक्षा जास्त धास्ती वेगात येणाऱ्या बोटीची असावी, कारण पाण्यातलं डोकं बोट चालवणाऱ्याला दिसत नाही.

फ्लिक-आँ-फ्लाक मोठा, मोकळा आणि सूर्यास्तासाठी प्रसिद्ध. पण तळाला प्रवाळाचे तुकडे खूप आणि काही ठिकाणी पोहू नका अशा पाट्या आहेत. पाटी फ्रेंचमध्ये असली तरी अर्थ तोच.

ब्लू बे आग्नेयेला, विमानतळापासून जवळ. पाण्याच्या निळ्या छटा मोजत बसावं असं ठिकाण. ३५३ हेक्टरचं हे सागरी उद्यान २००८ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. दोरीने आखलेल्या भागात पोहायचं, आणि ज्यांना पाण्यात जायचं नाही त्यांनी काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघायचं. मावशीला सगळ्यात जास्त हेच आवडलं. मेंदूसारख्या वळ्यांचा एक प्रवाळ बघून ती म्हणाली, "हा तर अख्खा कोबीचा गड्डा." याच किनाऱ्याला लागून असलेल्या प्वांत-देस्नीच्या भिंतीवर २५ जुलै २०२० ला वाकाशिओ नावाचं जहाज चढलं आणि ऑगस्टमध्ये त्याचं तेल लगूनमध्ये पसरलं. तेव्हा लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब वळकट्या शिवल्या आणि पाण्यात सोडल्या. इथली माणसं लगूनबद्दल हळवी का आहेत ते तेव्हा कळलं.

बेल मार दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत, सकाळी. इल-ओ-सेर्फ या बेटावर सहलवाले नेतातच. तिथे दोन बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्याला भरती-ओहोटीला ओढ असते, पलीकडे चालत जाता येईल असं दिसतं म्हणून निघू नका. आणि परतीची शेवटची बोट किती वाजता ते उतरतानाच विचारा.

न जाण्याची यादी छोटी आहे. दक्षिणेचं ग्री-ग्री: तिथे भिंतच नाही, समुद्र थेट कड्यावर येतो. वर उभं राहून बघा, पाण्यात पाय नको. ब्लू बेपासून फार लांब नसलेलं ला कांब्यूझ: सहलीला सुंदर, प्रवाह वाईट. आणि ल मोर्नच्या टोकाचं लापास, ते कितीही मोहात पाडो.

पिशवीत काय

रबरी तळाचे पाण्यातले बूट. यावर मी कुणाशी वाद घालत नाही, नसतील तर पाण्यात जायचं नाही. प्रवाळ पायाला कापतं आणि ती जखम लवकर भरत नाही. काळे काटेरी गोळे, साळिंदराच्या पोरासारखे, दगडांच्या सांदीत बसलेले असतात. त्यांचा काटा टाचेत मोडला तर सुट्टी खुर्चीत बसून जाते. आणि क्वचित दिसणारा पण सर्वांत विषारी तो दगडमासा, इथल्या भाषेत 'लाफ'. शेवाळलेल्या दगडासारखा निपचित पडून असतो. वाळूच्या तळावर तो सहसा नसतो, खडकाळ आणि गवताळ तळावर सांभाळा. डसलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, कारण त्याचं विष उष्णतेने निकामी होतं, आणि लगेच दवाखाना गाठायचा. पाणी आधी स्वतःच्या हाताने तपासा, दुखण्याच्या भरात भाजल्याचं कळत नाही. रुग्णवाहिकेसाठी ११४, पोलिसांसाठी ९९९.

कपड्यांचा प्रश्न बायका मला हळूच विचारतात. इथे कुणी कुणाकडे बघत नाही. स्विमसूट घाला, नको वाटत असेल तर लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट आणि लेगिंग. सुती पंजाबी ड्रेस आणि ओढणी मात्र नको. ओला झाला की पायांना गुंडाळतो, आणि पडलं की उठवत नाही. त्या पोहण्याच्या टीशर्टचा दुसरा फायदा उन्हासाठी. वारा गार असतो म्हणून ऊन कळत नाही, आणि पालथं पडून मासे बघणाऱ्याची पाठ दोन तासांत सोलून निघते. क्रीमपेक्षा कापड बरं, प्रवाळालाही तेच सोसतं.

बाकी: प्यायचं पाणी, टोपी, सुका टॉवेल, छोटी चटई, रोकड. इथला रुपया आपल्या रुपयाच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे नारळपाण्याचा हिशेब मनात लगेच करू नका, घशाखाली उतरणार नाही. मौल्यवान वस्तू गाडीत दिसतील अशा ठेवू नयेत. आमच्याकडे एक माणूस आळीपाळीने सामानापाशी बसतो.

उतरताना

आधी कुणातरी स्थानिक माणसाला विचारा. "एस्की कपाव नाझे इसी?" म्हणजे इथे पोहता येतं का? उच्चार चुकला तरी लोक कौतुकाने उत्तर देतात, आणि आडनाव ऐकून एखादा "तुम्ही मराठी?" म्हणून थांबतोही. गेल्या शतकाच्या आधी कोकणातून ऊसमळ्यांवर आलेल्या मजुरांची ही पतवंडं. गणेश चतुर्थीची इथे सार्वजनिक सुट्टी असते आणि याच लगूनमध्ये गणपती विसर्जनाला येतात. उत्तरात 'कुरां' हा शब्द ऐकू आला, म्हणजे प्रवाह, तर आभार मानून दुसरीकडे जा.

मग एका मोठ्या माणसाने एकट्याने आत जायचं, आडवं-उभं चालून तळ बघायचा: खड्डा कुठे, प्रवाळ कुठे, गवत कुठे. फिकट पोपटी दिसतं ती वाळू, तपकिरी ठिपका म्हणजे प्रवाळ किंवा गवत, एकदम गडद निळं म्हणजे खोल. त्यानंतर पोरांना हद्द दाखवायची, "त्या पिवळ्या बोयापर्यंत", "त्या होडीच्या अलीकडे". "लांब जाऊ नका" या वाक्याला मुलांच्या जगात काही अर्थ नसतो.

राखणदार ठरवा आणि त्याचं नाव घेऊन ठरवा. दहाजणांच्या कुटुंबात सगळेच बघत असतात, म्हणजे कुणीच बघत नसतं. आमच्याकडे अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी असते आणि पाळीवाल्याकडे फोन नसतो. काही मोठ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, पण सगळीकडे नाहीत आणि दिवसभरही नाहीत. लहान मूल हाताच्या अंतरावर हवं, पाणी गुडघ्याएवढं असलं तरी.

चेहरा पाण्यात घालून मासे बघायचे असतील तर नळी आणि चष्मा आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून वापरून बघा. भाड्याचा चष्मा घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर दाबून नाकाने श्वास ओढा, चिकटून राहिला तर बरोबर. प्रवाळावर उभं राहू नका, तो दगड नाही, जिवंत प्राणी आहे. शिंपले, प्रवाळाचे तुकडे, वाळू काही घरी न्यायचं नाही. लगूनमधली वाळू उपसणं इथे २००१ पासूनच बंद आहे.

दमलात, किंवा पाणी बाजूला ओढतंय असं वाटलं तर त्याच्या विरुद्ध झुंजू नका. उताणे व्हा, हात वर करा, ओरडा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरका.

बाहेर आल्यावर

जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या आसपासच मावळतो आणि अंधार झपकन पडतो. भारतापेक्षा घड्याळ दीड तास मागे असल्यामुळे मुलांना तोपर्यंत झोप येऊ लागलेली असते. बसने आला असाल तर संध्याकाळी लवकर निघा, नंतर बस मिळत नाही आणि टॅक्सीवाला म्हणेल तो भाव. सार्वजनिक किनाऱ्यांवर अंग धुवायला नळ असतो, मुलांच्या कानांमागची वाळू तिथेच काढा.

आणि भूक. सुरूच्या सावलीत एखादा डाळपुरीचा गाडा असतोच. बिनगुळाची पुरणपोळी समजा, पातळ, आत पिवळ्या डाळीची भुकटी, वर वालाची उसळ आणि टोमॅटोची चटणी. जोडीनेच मिळते, "एन पेर" म्हणायचं. मग विक्रेता विचारतो, "पिमां?" म्हणजे मिरची घालू का. माझा कोल्हापूरचा दीर छाती पुढे काढून "हो, भरपूर" म्हणाला होता. दोन घासांनंतर तो न बोलता उठला आणि शेजारच्या गाड्यावर गार आलुदाचा ग्लास घेऊन उभा राहिला, दूध, सब्जा आणि अगार घातलेला. "एन तिगीत", थोडीच, एवढे दोन शब्द पाठ करून जा.